लॉयल हेफनरने मला पुढे का सोडले

टोलिव्हर काउंटी शेरीफचे ठाणे, ओहायो. शनिवार, १२ ऑक्टोबर. दुपारचे ४ वाजून १० मिनिटे. जबाब लिहून घेणाऱ्या : डेप्युटी रमोना गिल्क्रिस्ट.

मी वेंडेल ऑस्कर प्रुइट, वय ६६ वर्षे, धंदा घरे गरम ठेवणाऱ्या भट्ट्यांची दुरुस्ती, राहणार २१४, टॅनरी रोड, मॅकअलव्हिल. डेप्युटी बाईंसमोर बसून, त्या विचारतील त्या क्रमाने सांगतो. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. काही गोष्टी मला नक्की माहीत आहेत, काहींचा मला अजून पत्ता लागलेला नाही. ज्या कळलेल्या नाहीत त्या कळल्यासारख्या सांगणार नाही.

हरवलेला इसम लॉयल हेफनर, वय ७१, निवृत्त. पूर्वी तो मॅकअलव्हिलच्या हायस्कुलात सुतारकाम आणि वेल्डिंग शिकवत असे. मी त्याला एकतीस वर्षे ओळखतो. उंची सहा फूट एक इंच, केस पांढरे, उजवा गुडघा आखडलेला. आज अंगात गाडी चालवताना घालायचा निळा सूट आणि पायात पातळ तळव्याचे बूट. डोळ्यांचा रंग विचारला असता मला सांगता आला नाही. तो त्याच्या बायकोला, नोरीनला विचारावा. ती बाहेर बाकावर बसली आहे.

ब्रशी क्रीकचा ट्रॅक वर्षातून सहा शनिवारी हौशी लोकांना खुला असतो. आपापली गाडी आणायची, पैसे भरायचे आणि वीस वीस मिनिटांच्या पाळीत पळवायची. ही शर्यत असते का, असे डेप्युटी बाईंनी तीनदा विचारले, म्हणून तीनदा सांगतो की नसते. नंबर नसतो, बक्षीस नसते. फक्त कोण कोणाच्या पुढे होते ते संध्याकाळी सगळ्यांना ठाऊक असते.

माझी गाडी म्हणजे साठ सालच्या एका इंग्लिश दोन-सीटर गाडीची नक्कल आहे. छप्पर नाही, दारे नाहीत, सांगाडा घरी वेल्डिंग केलेला, इंजिन अपघातात गेलेल्या एका जपानी गाडीचे. वजन बाराशे दहा पौंड. एकदा चिखलात रुतली तेव्हा चार जणांनी उचलून बाहेर ठेवली. लॉयलची गाडी पिवळी मस्टँग, नवी, आठ सिलिंडरची, वजन अडतीसशे पौंड. सरळ रस्त्यावर ती माझ्यापासून निघून जाते आणि मी काही करू शकत नाही. वळणावर तिचे वजन तिला आडवे येते आणि मी तिच्या मागच्या दिव्यांना नाक लावून बसतो. पाच वर्षे हेच चालले आहे.

आता ओलांडण्याचा नियम सांगतो, कारण सगळे त्यावरच आहे. पुढच्याने हात बाहेर काढून बोटाने बाजू दाखवली तरच मागच्याने पुढे जायचे. हात दिसला नाही तर नाही. मागची गाडी कितीही पळणारी असो, तिने मागे मागे फिरत राहायचे. नियम मोडणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवतात. सभ्य माणूस दोन वळणे मागे कोणी चिकटलेला दिसला की हात दाखवतो. लॉयल सभ्य आहे, पण मला त्याने पाच वर्षांत एकदाही हात दाखवला नाही. मी तक्रार केली की म्हणायचा, "पुढे जायचंय? रीतसर अर्ज कर." दोन वर्षांपूर्वी मी खरोखरच अर्ज टाइप करून त्याच्या काचेवर लावला होता. त्याने त्यावर लाल शाईने "नामंजूर, कारण अर्जदाराची गाडी माझ्या फ्रीजपेक्षा हलकी आहे" असे लिहून परत माझ्या सीटवर ठेवला. आमचे वैर होते का, असे विचारले. वैर नव्हते. हे असेच होते.

पाच वर्षांपूर्वीपर्यंत लॉयलकडेही माझ्यासारखीच गाडी होती, हिरव्या रंगाची. १९९४ साली त्याने शाळेच्या वर्कशॉपमध्ये दोन्ही गाड्यांचे सांगाडे जोडले, एक त्याचा, एक माझा. मला तेव्हा वेल्डिंग येत नव्हते आणि गाडी चालवताही येत नव्हती. दोन्ही त्याने शिकवले. पुढे गुडघ्यामुळे त्याला त्या अरुंद जागेत उतरता येईना. त्याने हिरवी गाडी विकली आणि दार असलेली गाडी घेतली. मी त्याला खूप चिडवले. म्हणालो, "गाडी मागितली आणि सोफा मिळाला." त्यावर तो म्हणाला, "सोफ्यात मान दुखत नाही."

आजच्या दिवसाबद्दल. मी सकाळी ७ वाजून २० मिनिटांनी पोहोचलो. हेफनर नवरा-बायको पावणेआठला आले. गाडी नोरीन चालवत होती. हे मला विचित्र वाटले, कारण लॉयल स्वतःची गाडी कोणाच्या हातात देत नाही. विचारले तर नोरीन म्हणाली, "त्याची पाठ धरलीय." तो उतरला तेव्हा पाठ धरलेल्या माणसासारखा उतरला नाही. मी त्यावर जास्त विचार केला नाही. नोरीन मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्याच्यावर लक्ष असू दे जरा." मी म्हणालो, "माझ्या नजरेसमोर दिवसभर त्याचाच बंपर असतो, नोरीन. आणखी किती लक्ष देऊ?" ती हसली नाही. ती सहसा हसते.

लॉयल माझ्याकडे येऊन म्हणाला, "आणलास का तुझा टब?" मी म्हणालो, "आणला. तू सोफा आणलास?" तो म्हणाला, "सोफा कसला, दिवाणखाना आहे." हे आमचे दर वेळचे आहे. अर्ध्या तासाने तो परत आला आणि म्हणाला, "आणलास का तुझा टब?" मी परत तेच बोललो, त्याने परत तेच उत्तर दिले आणि तेवढाच हसला. मला वाटले, माझी फिरकी घेतोय.

सकाळी चालकांना नियम सांगतात तेव्हा लॉयल नेहमी मागच्या रांगेत बसून शेरे मारत असतो. आज तो पहिल्या रांगेत होता आणि वहीत लिहून घेत होता. वही कुठे आहे, मला माहीत नाही. नंतर तो गाडीत बसून डॅशबोर्डवर कागदी चिकटपट्टी लावत होता आणि तिच्यावर काही लिहीत होता. मी विचारले, हे काय. तो म्हणाला, "टायरमधली हवा." एवढी लांब पट्टी हवेला कशाला लागते, ते मला कळले नाही. चार टायरांचे चार आकडे असतात.

सकाळच्या दोन पाळ्यांत मी त्याच्या गटात नव्हतो, त्यामुळे त्या कशा झाल्या ते सांगता येत नाही. कोणी तक्रार केली नाही.

दुपारच्या भांडणाबद्दल विचारले. भांडण झाले, मी लपवत नाही. १२ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास मी सॉसेज-पाव घेऊन परत आलो, तर लॉयल माझ्या गाडीत बसलेला. हेल्मेट घातलेले, पट्टा बांधलेला. मी म्हणालो, "उतर, गुडघा अडकेल." तो म्हणाला, "माझ्या गाडीतून मला उतरवणारा तू कोण?" मी म्हणालो, "लॉयल, चेष्टा पुरे. माझी पाळी आहे दोन वाजता." तो डॅशबोर्डच्या पत्र्यावर हात फिरवत म्हणाला, "हे मी कापलंय." ते खरे आहे. तो पत्रा त्यानेच शाळेत कापला होता. मी म्हणालो, "हो, तूच कापलंस. आता उतर." तो उतरेना. मग गुडघा खरोखरच अडकला आणि मला आणखी एका माणसाची मदत घेऊन त्याला बगलेत हात घालून ओढावे लागले. माझा पाव खाली पडला. तेव्हा मी सगळ्यांसमोर ओरडलो, "पुन्हा माझ्या गाडीला हात लावलास तर याद राख." हे शब्द मी बोललो. साक्षीदारांनी सांगितले आहे ते बरोबर आहे. आजूबाजूचे पाच-सहा जण हसले. लॉयल हसला नाही. तो आवारात इकडेतिकडे पाहत होता, मला वाटते आपली गाडी शोधत होता. ती त्याच्यासमोरच उभी होती.

या भांडणाचा राग मनात धरून मी ट्रॅकवर काही केले का, असे विचारले. केले नाही. माझ्या गाडीने मस्टँगला धक्का मारला तर नुकसान माझेच होईल.

दुपारी २ वाजून ५ मिनिटांची पाळी. या पाळीत आम्ही दोघेही होतो, एकूण अकरा गाड्या. लॉयल माझ्या पुढे निघाला. पहिल्या फेरीपासून तो विचित्र चालवत होता. सरळ पट्ट्यावर नेहमीसारखा सुसाट, पण प्रत्येक वळणाच्या फार आधी ब्रेक. वळण यायच्या आधी दर वेळी त्याचे हेल्मेट खाली वाकायचे आणि मग वर यायचे. मला वाटले, पेट्रोलचा काटा बघतोय. मग वाटले, मुद्दाम करतोय, दुपारचा सूड म्हणून मला रखडवतोय. पाच फेऱ्या मी हेल्मेटच्या आत त्याला शिव्या घालत होतो. त्या लिहू नयेत.

सहाव्या फेरीत, सहाव्या वळणातून बाहेर पडताना, त्याचा डावा हात खिडकीतून बाहेर आला आणि त्याने डावी बाजू दाखवली. वेळ अंदाजे २ वाजून १६ मिनिटे. ही जागा महत्त्वाची आहे. सहाव्या वळणानंतर मागचा लांब सरळ पट्टा लागतो. तिथे मस्टँगला मला हात दाखवायचे काहीच कारण नाही. नुसता पाय दाबला की ती दोनशे यार्ड पुढे असते. तिथे मला पुढे सोडायचे तर त्याला पाय उचलावा लागतो. त्याने पाय उचलला. इंजिनचा आवाज उतरलेला मी ऐकला. पाच वर्षांत पहिल्यांदा, आणि नको त्या जागी.

मी बाजूने गेलो तेव्हा त्याचे हेल्मेट माझ्याकडे वळलेले होते. हेल्मेटची काच खाली होती, चेहरा दिसला नाही. मी त्याला सैनिकी सलाम ठोकला, चिडवायला. त्याचा हात तसाच बाहेर होता. त्याने परत सलाम केला नाही.

त्याने असे का केले, हे डेप्युटी बाईंनी मला चार वेगवेगळ्या प्रकारे विचारले. चारही वेळा उत्तर तेच, की मला कळत नाही. ट्रॅकवरचा कोणीही माणूस हेच सांगेल. दमला असता तर तो पिटमध्ये, म्हणजे गाड्या थांबायच्या जागेत गेला असता. गाडीत बिघाड असता तर मूठ वर करून बाजूला झाला असता. कंटाळा आला असता तर आतापर्यंत कधीच आला असता.

सातव्या वळणात मी आरशात पाहिले. माझे आरसे बिस्किटाएवढे आहेत आणि थरथरतात. त्यात पिवळा रंग दिसला, जवळच. मला वाटले, आता तो मला चिकटून राहणार, बरोबरी करणार. म्हणून मी पाय दाबला. आठव्या वळणात माझी गाडी त्याच्यापेक्षा कितीतरी वेगाने जाते, आणि मी गेलो. त्यानंतर मी आरशात पाहिले नाही.

त्यापुढे मी चार फेऱ्या मारल्या. समोर रिकामा रस्ता होता. त्यातली तिसरी फेरी मी एक मिनिट साडेअडतीस सेकंदात केली. एवढी चांगली फेरी मी आयुष्यात मारलेली नाही. आठव्या वळणावरून मी चारही वेळा गेलो. मला काही दिसले नाही, कारण मी काही बघतच नव्हतो.

२ वाजून २५ मिनिटांनी पाळी संपली. मस्टँग तिच्या जागी आली नव्हती. मी माझे वेळ मोजायचे यंत्र काढून हातात घेतले आणि तिच्या रिकाम्या जागेवर जाऊन उभा राहिलो, तो आला की आकडा दाखवायला. तिथे मी अंदाजे वीस मिनिटे उभा होतो. येणाऱ्या-जाणाऱ्या तीन-चार जणांना दाखवला. वीस मिनिटांत माझ्या मनात एकदाही आले नाही की तो कुठे आहे ते विचारावे. मला वाटले, हरल्यामुळे तोंड लपवून बसलाय.

पावणेतीनला नोरीन आली. म्हणाली, "लॉयल कुठंय?" मी म्हणालो, "येईल, फुगलाय." ती माझ्या दंडाला धरून म्हणाली, "वेंडेल, कुठंय तो?" तिच्या आवाजावरून मला पहिल्यांदा भीती वाटली.

आठव्या वळणावर झेंडा दाखवून चालकांना इशारे देणाऱ्या माणसाने सांगितले की पिवळी गाडी वळली नाही. ती हळूहळू सरळ गेली, मातीच्या ढिगांमधल्या वाटेने. त्याला वाटले गाडीत बिघाड आहे. त्याने वायरलेसवर कळवले आणि ओढणारा ट्रक पाळी संपल्यावर निघाला, पण ढिगांच्या दुसऱ्या बाजूला गेला. ३ वाजून २० मिनिटांनी गाडी सापडली. इंजिन बंद, किल्ली जागेवर, पट्टा सोडलेला, हेल्मेट सीटवर. कुठे ओरखडा नाही. लॉयल नव्हता. मी स्वतः ढिगांवर चढून त्याला हाका मारल्या. पलीकडे झाडी आहे आणि ओढा. या आठवड्यात रात्री पाणी गोठते.

या ठिकाणी डेप्युटी बाईंनी मला मस्टँगच्या आतले फोटो दाखवले. डॅशबोर्डवरच्या चिकटपट्टीचा फोटो मी पाहिला. त्यावर टायरमधली हवा नाही. पेनाने काढलेले अकरा बाण आहेत. ट्रॅकला अकरा वळणे आहेत. प्रत्येक बाणाखाली बारीक अक्षरात काही लिहिले आहे : "उजवे, हळू." "डावे, पांढरा खांब." "उजवे, मग लगेच डावे." आठवा बाण आधी सरळ काढला आहे, तो खोडून उजवा केला आहे, त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह आहे.

हा माणूस त्या ट्रॅकवर तेहेतीस वर्षे गाडी चालवतो. त्याने मला ती वळणे डोळे मिटून, स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून, हातात स्टिअरिंगऐवजी ताटली धरून शिकवली. त्याला बाण कशाला लागतात, असे मी डेप्युटी बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "ते मी तुम्हाला विचारतेय, मिस्टर प्रुइट."

मग त्यांनी नोरीनला आत बोलावले. नोरीन जे बोलली ते मी इथे बसून ऐकले, म्हणून सांगतो. ती म्हणाली, "फेब्रुवारीत डॉक्टरांनी सांगितलं. विसरण्याचं आहे, आणि वाढत जाणार. गाडी बंद करा म्हणाले. हा रडला. एकदाच, वर्षाची शेवटची तारीख तेवढी, म्हणाला. वेंडेल असतोच की बरोबर, असं म्हणाला. म्हणून मी आणलं."

मी नोरीनला म्हणालो, "मला सांगायचं नाही का?" ती म्हणाली, "त्यानं शपथ घातली होती. तुला कळलं तर तू त्याला सांभाळून घेशील, आणि ते त्याला नको होतं." मला राग आला. अजूनही आहे. एकतीस वर्षांत त्याने मला काय काय सांगितले आणि हे तेवढे राहिले. डेप्युटी बाई म्हणाल्या की जबाबात याची गरज नाही. मी म्हणालो, लिहा.

मग जे लक्षात आले ते असे. नवशिक्याला ट्रॅक शिकवायची आमच्यात एक पद्धत आहे. माहीतगार पुढे राहतो, नवखा त्याच्या मागे, आणि पुढचा जिथे वळेल तिथे मागचा वळतो. यात जबाबदारी पुढच्याची असते. त्याने प्रत्येक वळणावर आरशात बघायचे आणि मागचा दिसेनासा झाला तर हळू व्हायचे. १९९४ साली लॉयल माझ्या पुढे असाच चालवायचा. मी मागे पडलो की त्याची हिरवी गाडी थांबायचीच.

त्याने आज मला हात दाखवला तो हरला म्हणून नाही. पट्टीवर आपण कितव्या बाणावर आहोत, हे त्याला कळेनासे झाले असणार. मागे मी होतो. त्याने मला पुढे घेतले, माझ्या मागोमाग यायला. एक वळण तो आला. आणि मी सलाम ठोकून पाय दाबला.

डेप्युटी बाईंनी विचारले की मग तो सरळ का गेला. तेव्हा मला आठवले. २००६ पर्यंत ट्रॅक आठव्या वळणावर उजवीकडे वळतच नव्हता. सरळ झाडीत जायचा, ओढ्याच्या कडेने, आणि गाड्या थांबायची जुनी जागा तिकडे होती, पत्र्याची शेड आणि बसकी भिंत. तो भाग बंद करून आता तिथे माती टाकतात. लॉयल रस्ता सोडून गेला नाही. त्याला जो रस्ता आठवत होता त्याच रस्त्याने गेला, आणि पुढे मातीचे ढीग आडवे आले म्हणून गाडीतून उतरला. असे असेल तर तो कुठे चालत गेला, ते मला माहीत आहे. ढिगांपासून ओढ्याकाठची ती शेड पाऊण मैलावर आहे. शोधणारी माणसे रस्त्याच्या बाजूला शोधत आहेत, ओढ्याच्या बाजूला नाही.

डेप्युटी बाईंनी वायरलेसवर हे कळवले. जबाब ४ वाजून ५५ मिनिटांनी थांबवला.

जबाब पुढे चालू, संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटे.

डेप्युटी बाई, नोरीन आणि मी ट्रॅकच्या मागच्या फाटकाने ओढ्याकाठी गेलो. गाडी जाते तिथवर गेलो, पुढे पायी. ५ वाजून ३५ मिनिटांनी लॉयल दिसला. पत्र्याची शेड पडली आहे, पण भिंत आहे. तो भिंतीवर बसला होता. उजवा बूट आणि पाय गुडघ्यापर्यंत ओला, ओठ निळे, अंगाला थरथर. हातांवर काट्यांचे ओरखडे. त्याखेरीज इजा नाही.

त्याने मला ओळखले. म्हणाला, "आलास? किती वेळ लावलास."

मी म्हणालो, "तू इथं काय करतोयस?"

"तुझी वाट बघतोय. फेरी मारून इथूनच येणार ना तू." मग म्हणाला, "फार पुढे गेलास. सातव्यापर्यंत मी मागे होतो. मग तू दिसेनास. मग मला जो रस्ता येत होता तो धरला."

मी म्हणालो, "चुकलं माझं."

"होतं असं. हलकी आहे तुझी गाडी."

मग त्याने मला खूण करून वाकायला लावले आणि आवाज बारीक करून म्हणाला, "नोरीनला नको सांगूस. किल्ली काढून घेईल ती."

नोरीन माझ्या शेजारी उभी होती, दोन्ही हातांवर त्याचा कोट धरून. हे बोलताना तो तिच्याकडेच पाहत होता. त्याला ती कोण वाटली, मला माहीत नाही. नोरीन म्हणाली, "नाही सांगणार तो." मग तिने त्याच्या एकेका हातात कोटाची बाही घातली आणि वरपर्यंत बटणे लावली. त्याने लावू दिली.

अँब्युलन्स आमच्या गाडीजवळ उभी होती. तिथपर्यंतचे अंतर अंदाजे चारशे यार्ड, वाट झाडीतून आणि वळणावळणाची. डेप्युटी बाईंनी त्याचा दंड धरला, तो त्याने सोडवून घेतला. नोरीनचा हातही घेतला नाही. मला म्हणाला, "तू हो पुढे."

मी पुढे झालो. दर पाच-सहा पावलांवर मी मागे वळून पाहत होतो आणि तो मागे थांबला की मी थांबत होतो. एकदा तो म्हणाला, "एवढं बघायची गरज नाही रे." मी तरी बघत राहिलो. चारशे यार्डांना आम्हाला पंचवीस मिनिटे लागली.

लॉयलला काउंटीच्या हॉस्पिटलात नेले आहे, नोरीन बरोबर आहे. मला कोणाविरुद्ध तक्रार द्यायची नाही. माझ्याविरुद्ध कोणाची तक्रार असेल तर ती नोंदवावी.

वरील मजकूर डेप्युटी बाईंनी मला पहिल्या ओळीपासून वाचून ऐकवला, आणि एक परिच्छेद मी त्यांना पुन्हा वाचायला लावला. मी बोललो तसाच तो लिहिला गेला आहे. जिथे मला कळत नव्हते असे लिहिले आहे, तिथे तेव्हा मला खरोखरच कळत नव्हते. वाचून झाल्यावर सही करतो.

वेंडेल ओ. प्रुइट